वादळात गेलेल्या वाडीत पुन्हा पोफळीच लावाव्यात का?

पुळण

नमस्कार. श्रीवर्धन तालुक्यात समुद्रालगतच्या एका गावात आमची वडिलोपार्जित वाडी आहे, क्षेत्र १७ गुंठे. ३ जून २०२० च्या सकाळी, निसर्ग चक्रीवादळ येण्यापूर्वी, तिच्यात २१० पोफळी (सुपारीची झाडे), २२ माड, चार जायफळे आणि पोफळींवर चढवलेले मिरीचे वेल होते. दुसऱ्या दिवशी वडिलांनी उभ्या पोफळी मोजल्या, तेव्हा त्या ६३ भरल्या. माड १४ वाचले, जायफळे चारही मुळासकट आडवी झाली.

पहिली दोन वर्षे पडलेली खोडे काढण्यात आणि विहिरीवरचा पंप, पाट, गडगा (दगडी कुंपण) हे पूर्ववत करण्यात गेली. २०२२ च्या पावसाळ्यात आम्ही पोफळीची ८० रोपे लावली. त्यांतली निम्म्याहून अधिक पुढच्या दोन उन्हाळ्यांत करपली आणि वाचलेलीही म्हणावी तशी वाढलेली नाहीत. त्याहून वाईट म्हणजे वादळात टिकलेल्या ६३ जुन्या झाडांपैकी ११ झाडे त्यानंतर एकेक करून गेली, आणि ती का गेली हे आम्हाला नीट कळलेले नाही.

वडील ७४ वर्षांचे आहेत. त्यांचे म्हणणे असे की आगरात, म्हणजे माड-पोफळीच्या वाडीत, पोफळच हवी, तिच्याशिवाय त्या जमिनीला आगर म्हणता येणार नाही. मी नोकरीनिमित्त पुण्यात असते आणि महिन्यातून दोनदा गावी जाते. पोफळ फळाला यायला पाच ते सात वर्षे लागतात, म्हणजे आज लावलेले रोप उत्पन्न देईपर्यंत वडील ऐंशीच्या पुढे गेलेले असतील, आणि तोपर्यंत आणखी एखादे वादळ येऊन गेलेले असेल. पुन्हा त्याच जागी, त्याच अंतरावर, तेच झाड लावणे शहाणपणाचे आहे का? ज्यांनी वादळानंतर वाडी पुन्हा उभी केली आहे किंवा करायची नाही असे ठरवले आहे, त्या दोघांचेही अनुभव ऐकायचे आहेत.

आठळी

पाणी बारमाही आहे का, एवढे आधी सांगा. मार्च ते मे विहीर पुरत नसेल, तर पुढची चर्चा करण्यात अर्थ नाही.

बाणवली

पुळणताई, आमची वाडी तुमच्या उत्तरेला, मुरूडच्या बाजूला आहे. त्या दिवशी मी घरातच होतो, म्हणून जे पाहिले ते सांगतो. दुपारपर्यंत वारा जमिनीकडून, म्हणजे डोंगराच्या बाजूने येत होता आणि पोफळी समुद्राकडे वाकत होत्या. वाकत होत्या, पण मोडत नव्हत्या. मग वारा फिरला आणि समुद्राकडून आला. मुळे एका बाजूने आधीच सैल झाली होती, जमीन पावसाने भिजून लोण्यासारखी झाली होती, आणि आता उलट्या दिशेने ओढ बसली. आमच्याकडे जे नुकसान झाले, ते जवळजवळ सगळे या दुसऱ्या वाऱ्यात झाले.

हे अशासाठी सांगितले की आपल्याकडचे बहुतेक लोक वाऱ्याचा विचार करताना फक्त समुद्राची बाजू धरतात. नेहमीच्या पावसाळी वाऱ्यासाठी ते बरोबर आहे, पण चक्रीवादळात वारा केंद्राभोवती फिरत असतो आणि केंद्र जवळून गेले की त्याची दिशा उलटते. तेव्हा फक्त पश्चिमेचा अडसर पुरत नाही.

जुना बांध

मी कृषी खात्यातून निवृत्त झालो आहे आणि नोकरीची बरीच वर्षे किनारपट्टीच्या तालुक्यांत काढली आहेत. टिकलेली ११ झाडे नंतर का गेली, या प्रश्नाचे उत्तर मला वाटते मी देऊ शकतो. ती उन्हाने गेली.

पोफळीचे खोड उन्हाला फार नाजूक असते. भरल्या आगरात शेजारच्या झाडांची, माडांच्या झावळ्यांची सावली त्यावर असते, त्यामुळे ते आपल्या लक्षात येत नाही. दीडशे झाडे एका दिवसात गेल्यावर उरलेली झाडे एकाएकी उघडी पडली. दुपारनंतरचे तिरपे ऊन, विशेषतः नैर्ऋत्येकडून येणारे, खोडाच्या त्या एका बाजूवर रोज पडत राहते. आधी तिथे सोनेरी पिवळा पट्टा दिसतो, मग तो तपकिरी होतो, मग खोडाला उभी चीर जाते. चिरेतून बुरशी आणि किडे शिरतात, आतला गाभा सडतो, आणि दोन-तीन वर्षांनी साध्या पावसाळी वाऱ्यातही ते झाड त्याच जागी मोडते. आपण म्हणतो वाऱ्याने मोडले. तुमची गेलेली झाडे कोणत्या बाजूने फुटली होती, हे वडिलांना विचारा.

उपाय जुनाच आहे. उघड्या खोडाला दक्षिण आणि पश्चिम बाजूने पोफळीचीच विरी (गळून पडलेल्या पानाचा रुंद देठ) किंवा माडाची झावळी बांधावी. विरी तर वाडीत फुकट पडलेली असते. बांधणी पाऊस संपल्यावर करावी आणि पुढच्या पावसाआधी सोडावी, नाहीतर आत ओल धरून वेगळेच दुखणे सुरू होते. नव्या लागवडीत ओळी सरळ उत्तर-दक्षिण न धरता उत्तरेकडच्या टोकाला साधारण ३५ अंश पश्चिमेकडे वळवाव्यात, म्हणजे तिसऱ्या प्रहरी एका झाडाची सावली दुसऱ्याच्या खोडावर येते. आणि रोपे लावण्याच्या आधी, निदान त्यांच्याबरोबर, केळी लावल्याच पाहिजेत. तुमची २०२२ ची रोपे मेली, ती बहुधा रोपे वाईट होती म्हणून नव्हे. त्यांच्या डोक्यावर छत्र नव्हते.

पुळण

आठळी, पाणी बारमाही आहे. मे महिन्यात पातळी खाली जाते, पण एका दिवसाआड शिंपण्याइतके मिळते.

जुना बांध, आज वडिलांशी फोनवर बोलले. अकराच्या अकरा झाडे पश्चिमेच्या अंगाने फुटलेली होती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्या आजोबांच्या वेळी प्रत्येक कडेच्या झाडाला विरी बांधायचे. मधे दाट वाडी झाली आणि आपण ते विसरलो." केळी आम्ही लावल्या नव्हत्या, कारण पहिल्याच वाऱ्यात त्या पडतात असा समज होता.

आगरातली सून

केळी पडतात हे खरे आहे, पण केळीचा गड्डा राहतो आणि चार महिन्यांत नवीन पोगा वर येतो. सावलीसाठी लावलेल्या केळीकडून घडाची अपेक्षा धरू नये, म्हणजे वाईट वाटत नाही. घड लागलाच तर दोन बांबूंची कैची देऊन टेकवावा.

मला दुसऱ्याच गोष्टीबद्दल लिहायचे आहे. पडलेल्या खोडांचे तुम्ही काय केले? आमच्या शेजारच्या दोन वाड्यांत मालक मुंबईला, त्यामुळे माडांची खोडे जिथे पडली तिथेच राहिली. दोन पावसाळ्यांत ती आतून भुसभुशीत झाली आणि त्यांत गेंड्या भुंग्याच्या अळ्या इतक्या झाल्या की कुदळीच्या एका घावाला मूठभर निघत. वादळातून वाचलेल्या आमच्या माडांचे पोगे या भुंग्यांनी पोखरले. नवीन पान उलगडले की त्रिकोणी कातरलेले दिसे. भुंगा पाडतो त्या भोकातून मग सोंड्या हा दुसरा भुंगा शिरतो, आणि सोंड्या शिरलेला माड बहुतेक वेळा हातचा जातो. माडाला काय किंवा पोफळीला काय, वाढीचा कोंब एकच. तो गेला की झाड संपले, त्याला बाजूने फूट येत नाही.

आम्ही शेजाऱ्यांची परवानगी काढून ती खोडे आमच्या खर्चाने तोडून घेतली, फोडून उन्हात वाळवली आणि जाळली. शेणाच्या खड्ड्यात मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी मिसळली, ती अळ्यांना मारते. आणि माडावर चढून तारेच्या आकडीने भुंगे ओढून काढले. माझ्या सासऱ्यांनी मुलांना जमिनीवर सापडलेल्या प्रत्येक भुंग्यामागे एक रुपया कबूल केला होता. धाकट्या पुतण्याने एका मे महिन्यात सायकलला दोन्ही टायर नवे घातले.

वादळानंतरच्या सरकारी मदतीबद्दलही सांगते, कारण नवीन लागवडीचा खर्च मोजताना तो आकडा लोक धरून बसतात. फळबागांना हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर झाले, ते त्या वेळच्या नेहमीच्या दरापेक्षा पुष्कळच जास्त होते. पण आगर हेक्टरात मोजायचे नसतेच. १० गुंठ्यांची वाडी म्हणजे हेक्टराचा दहावा भाग, म्हणजे ५,००० रुपये, आणि तेवढ्यात पडलेली झाडे उचलण्याची मजुरीसुद्धा निघत नव्हती. पुढे झाडामागे मदत ठरली, पोफळीला ५० आणि माडाला २५० रुपये. माड फळाला यायला सात-आठ वर्षे लागतात आणि मग तो दोन पिढ्या देतो. त्याची किंमत अशी ठरलेली पाहून माझ्या सासऱ्यांनी अर्जावर सही करताना चष्मा काढून ठेवला होता.

मेघा टॅम्पा

मी मूळची अलिबागची, गेली चौदा वर्षे फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर राहते. २०२४ मध्ये सप्टेंबरच्या शेवटी हेलीन आणि त्यानंतर दोन आठवड्यांत मिल्टन अशी दोन वादळे आमच्या भागाने सोसली, त्यामुळे हा धागा वाचताना घरचाच वाटला.

इथल्या राज्य विद्यापीठाने प्रत्येक मोठ्या वादळानंतर कोणती झाडे उभी राहिली आणि कोणती पडली याच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या आहेत. त्यातून निघालेल्या दोन गोष्टी मला आपल्याकडे लागू पडतील असे वाटते. पहिली अशी की एकेकटी लावलेली झाडे जास्त पडतात आणि गटाने वाढलेली झाडे एकमेकांना सांभाळतात. दुसरी गोष्ट छाटणीची. वादळाचा हंगाम जवळ आला की लोक ताडवर्गीय झाडांच्या हिरव्या झावळ्या उतरवून वर फक्त शेंडी ठेवतात, वारा कमी लागेल म्हणून. पण त्याने झाड सुरक्षित होत नाही, उलट कमकुवत होते. हिरव्या झावळ्या कोंबाभोवती कवचासारख्या असतात आणि झाडाचे अन्न त्याच बनवतात. काढायच्या त्या फक्त वाळलेल्या झावळ्या आणि सुटे झालेले नारळ, कारण वाऱ्यात ते दगडासारखे येतात.

इथली सबाल नावाची स्थानिक ताडाची जात वादळात सर्वांत चांगली टिकते, आणि बाहेरून शोभेसाठी आणलेल्या क्वीन पामसारख्या जाती आधी पडतात. पुळणताईंच्या ६३ झाडांमध्ये काही विशेष होते का, हे पाहायला हवे असे मला त्यावरून वाटले.

बाणवली

मेघाताई, गटाची गोष्ट तुमच्याकडच्या झाडांबाबत खरी असेल, पण दाट आगरात मी उलटे पाहिले आहे. ४० फुटांची पोफळ मोडून शेजारच्या दोघींवर पडते, त्या पुढच्या चौघींवर पडतात. आमच्या वाडीच्या एका कोपऱ्यात वडिलांनी हौसेने सहा-सहा फुटांवर झाडे लावली होती. तिथे आता मैदान आहे. जी टिकली ती ९ फुटांवरच्या जुन्या ओळींतली.

जुना बांध

तुम्ही दोघेही बरोबर आहात, फक्त वेगवेगळ्या अंतरांबद्दल बोलत आहात. पोफळीसाठी शिफारस केलेले अंतर २.७ मीटर, म्हणजे आपले ९ फूट. याहून जवळ लावली की झाडे उजेडासाठी चढाओढ करतात, खोड बारीक आणि लांब होते, पेरे लांबतात, आणि अशी काठी वाऱ्यात मोडणारच. शिवाय दाटीत हवा खेळत नाही, त्यामुळे कोळेरोग, म्हणजे फळे कुजून गळण्याचा रोग, वाढतो. आपल्या किनाऱ्यावर पाऊस ३,००० मिलिमीटरच्या घरात. जुलैत सलग आठ दिवस झड लागली की दाट वाडीत हिरव्या सुपारीचा सडा पडतो, आणि वादळ न येताही वर्षाचे उत्पन्न जाते.

उलट १५-२० फुटांवर विरळ लावलीत तर प्रत्येक झाड एकटे उभे राहील, आणि ऊन व वारा दोन्ही त्याला सर्व बाजूंनी झोडपतील. म्हणून ९ फूट. मधले माड २५ फुटांवर.

माडाबद्दल आणखी एक. पडलेले माड पाहताना त्यांचा बुंधा पाहिलात का? माडाला सोटमूळ नसते, बुंध्यापासून दोरीसारखी असंख्य मुळे निघतात, आणि हा बुंधा जितका जमिनीत खोल तितका तो घट्ट. जुने लोक पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या, जमिनीत हातभर नव्हे, दोन हात खोल खड्डा घेत आणि रोप तळाशी लावून दरवर्षी थोडी थोडी माती भरत. अलीकडे कष्ट वाचवायला वरवर लावतात. दहा वर्षांनी मुळे उघडी दिसू लागतात, आणि तोच माड आधी आडवा होतो.

कलमवाला

मी रत्नागिरीकडचा, माझे आंबे. पोफळीतले मला फार कळत नाही, पण तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी, १६ मे २०२१ रोजी, उतरायला आलेला आंबा डोळ्यांसमोर गेला, त्यामुळे वाऱ्याबद्दल लिहितो. माझ्या बागेत दोन प्रकारची कलमे आहेत. काही पिशवीत वाढवून आणून लावलेली, काही कोय जागेवरच लावून तिच्यावर नंतर बांधलेली. वादळात मुळासकट उपटली गेली ती बहुतेक पिशवीतली. उपटलेल्या झाडांची मुळे पाहिली तर पिशवीच्या तळाशी सोटमूळ वळून गोल झालेले होते आणि तसेच वाढले होते. जागेवर वाढलेल्यांच्या फांद्या मोडल्या, पण बुंधा हलला नाही. सोटमुळाची ही गोष्ट पोफळीला लागू नाही हे जाणतो, पण वाऱ्याला अडवणारी झाडे लावणार असाल तर ती मात्र बी जागेवर टोकूनच वाढवा.

आणि अडसर म्हणजे भिंत नव्हे. माझ्या चुलत्यांनी समुद्राच्या बाजूने उंच चिऱ्याचा बांध घातला. वारा त्यावरून उसळून पलीकडे भोवरा करून खाली उतरायचा आणि बांधामागच्या पहिल्या दोन ओळींनाच सर्वांत जास्त मार बसायचा. अडसर असा हवा की निम्मा वारा त्यातून गाळून जाईल. त्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत मागे आडोसा मिळतो.

आगरातली सून

खाऱ्या वाऱ्यात टिकणारी आपलीच झाडे आहेत. उंडी, भेंड, करंज. सगळ्यात पुढे केवडा. किनाऱ्यावर सुरूची झाडे पुष्कळ लावलेली असतात आणि ती लवकर वाढतात, पण आमच्या बाजूला त्या दिवशी सुरूची रांगच्या रांग आडवी झाली. उंडी हळू वाढते, पण आमच्या वाडीच्या टोकाची उंडी माझ्या सासऱ्यांच्या लहानपणापासून आहे आणि निसर्ग वादळात तिच्या फक्त बारीक फांद्या गेल्या.

कुळागर

फोंड्याहून लिहितो. आमच्या गोव्यात पोफळीचे आगर म्हणजे कुळागर, आणि ते बहुधा समुद्रावर नसते. ते डोंगराच्या कुशीत, झऱ्याच्या पाण्यावर असते, त्यामुळे वाऱ्याचा त्रास आम्हाला तुमच्याएवढा नाही. तरी एक गोष्ट सांगावीशी वाटते. कुळागरात पोफळ एकटी कधीच नसते. तिच्या जोडीला माड, फणस, आंबा, कोकम, जायफळ, मिरी, केळी, अननस आणि खाली हळद-आले असते. फणस आणि आंबे कडेला असतात. मी ऐकत आलो होतो की हे उत्पन्नासाठी आहे, वर्षभर काही ना काही हाताला लागावे म्हणून. तुमचा धागा वाचून वाटते की उंच-सखल थरांमुळे वाऱ्याला एकसंध समोर काही मिळत नाही आणि उन्हाला खोडापर्यंत वाट मिळत नाही, हेही त्यामागे असावे. रत्नागिरीजवळ भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने माडात मसाल्याची झाडे घेऊन लाखी बाग, म्हणजे लाखाचे उत्पन्न देणारी बाग, दाखवली आहे. पुळणताई, एकदा वडिलांना घेऊन ती पाहून या.

जायफळाबद्दल मात्र जपून. त्याची मुळे वरच्या थरातच पसरतात, म्हणून तुमची चारही गेली याचे नवल नाही. लावायचीच तर वाडीच्या अगदी मधोमध लावा.

नवा_माळी

सगळे उंच पोफळीबद्दलच बोलत आहेत. केरळातल्या कासरगोडच्या केंद्रीय संशोधन संस्थेने पोफळीच्या बुटक्या संकरित जाती काढल्या आहेत. खोड आखूड, चढायला गडी मिळत नाही ही अडचण निम्मी होते आणि वाऱ्याचा जोरही कमी लागतो. माझे वय २८ आहे, वाडी दोन वर्षांपूर्वी हातात घेतली आहे आणि मला तरी त्याच लावाव्यात असे वाटते. पारंपरिक जात म्हणून तीच धरून बसणे मला पटत नाही.

आगरातली सून

भाऊ, तुमचा चढणाऱ्या गड्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आमच्याकडे एकच माणूस उरला आहे, त्याचे वय ६१ आहे आणि तो आजही एका शेंड्यावरून झोका घेऊन दुसऱ्या झाडावर जातो, ते पाहताना माझ्या छातीत धडधडते. पण श्रीवर्धनी रोठ्याला, म्हणजे आपल्याकडच्या पारंपरिक जातीच्या सुपारीला, जो दर मिळतो तो त्याच्या आतल्या पांढऱ्या गराच्या प्रमाणासाठी आणि कमी तुरटपणासाठी मिळतो. बुटक्या जातीची सुपारी त्या भावाने आमच्याकडे कोणी घेत नाही. १७ गुंठ्यांची वाडी मालाच्या वजनावर चालत नाही, गुणावर चालते. तुम्ही १० झाडे लावून पाहा, फळे आली की इथे लिहा. मी मनापासून वाट पाहीन.

नवा_माळी

ताई, हे मान्य. १० लावतो.

वाळूचे घर

माझे मत वेगळे आहे आणि ते लिहिताना मला आनंद होत नाही. आमची वाडी वादळात गेली, भावांनी एकत्र बसून विचार केला आणि पुन्हा लावायची नाही असे ठरवले. आता तिथे पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत. मे महिन्यात त्या भरतात. पुळणताई पुण्यात राहतात, वडिलांचे वय झाले आहे. महिन्यातून दोन फेऱ्यांवर आगर चालत नाही, शिंपण रोजचे असते. ठिबक बसवले तरी त्याच्या नळ्या उंदीर कुरतडतात, हे पाहायला माणूस हवा. त्यांनी स्वतःला दोष न देता नाही म्हणण्याचीही मोकळीक घ्यावी.

एवढे मात्र सांगतो की खोल्यांच्या मागे माझ्या आईने आठ पोफळी वाचवून ठेवल्या आहेत. पाहुणे त्यांच्याच सावलीत बसतात.

बाणवली

तुमचा निर्णय प्रामाणिक आहे. फक्त एक लक्षात ठेवा, त्या आठ पोफळी आता मोकळ्या उभ्या आहेत. जुना बांध यांनी सांगितलेली विरी त्यांनाही बांधा.

वाळूचे घर

उद्याच बांधतो.

आठळी

मूळ प्रश्नाकडे येऊ. मेघाताईंनी विचारले होते की टिकलेल्या ६३ झाडांत काय विशेष होते, त्याचे उत्तर पुळणताईंनी अजून दिलेले नाही. मला तो या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

पुळण

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण त्यासाठी गावी जाऊन पाहायचे होते. शनिवारी वडील आणि मी दोघांनी मिळून वाडीचा नकाशा काढला. प्रत्येक उभे झाड आणि प्रत्येक रिकामी जागा कागदावर घेतली. पडलेल्यांच्या जागा वडिलांना तोंडपाठ होत्या, कोणती कोणत्या वर्षी लावली हेही.

त्यात असे दिसले की टिकलेली झाडे वाडीभर विखुरलेली नाहीत. जवळजवळ सगळी दोन पट्ट्यांत आहेत. एक पट्टा माडांच्या दोन ओळींच्या मधला, जिथे अंतर पूर्वीपासून ९ फूट होते. दुसरा पट्टा पूर्वेला, जिथे गडग्यापलीकडे शेजाऱ्यांचा जुना फणस आणि दोन आंबे आहेत. मधला मोठा भाग, जिथे आजोबांच्या मागे वडिलांनी नवी झाडे जवळजवळ घुसवली होती, तो पूर्ण गेला. समुद्राकडच्या टोकाला पूर्वी उंडीची तीन झाडे होती, ती १९९० च्या सुमारास वाट रुंद करण्यासाठी तोडली गेली. त्यांच्या मागचा कोपराही पूर्ण गेला आहे. हे सगळे तुम्ही इथे लिहिलेच होते, पण आपल्याच वाडीच्या नकाशावर पाहिल्यावर वडील आणि मी बराच वेळ ओटीवर गप्प बसून होतो.

आम्ही असे ठरवले आहे. पोफळ लावायची, पण २१० नाही. ९ फुटांवर, वळवलेल्या ओळींत, सुमारे १२० झाडांवर थांबायचे आणि तीही तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने, म्हणजे सगळी एकाच वयाची राहणार नाहीत. या पावसाळ्यात पोफळ लावायचीच नाही. आधी केळी, आणि समुद्राकडे उंडी व करंज यांचे बी जागेवर टोकायचे. पूर्वेला कोकम आणि एक फणस. उरलेल्या ५२ जुन्या झाडांना पाऊस उघडला की विरी बांधायची, त्याचे सुंभ वडिलांनी कालच काढून ठेवले आहेत. वाळूचे घर यांनी शिंपणाबद्दल लिहिले ते अगदी खरे आहे. शेजारच्या वाडीतल्या एका ताईंना शिंपणासाठी महिन्याने ठरवले आहे, आणि माडाचे अर्धे उत्पन्न त्यांचे.

आता एकच अडचण आहे. बियाणे कोणते घ्यावे? आमच्या टिकलेल्या झाडांचीच सुपारी घ्यावी असे वडील म्हणतात, पण ती सगळी झाडे फार म्हातारी आहेत.

जुना बांध

म्हातारी असली तरी चालतील, घोस भरघोस धरत असतील तर. वयापेक्षा पेरी आखूड आहेत का, शेंड्याला पाने भरपूर आहेत का आणि दरवर्षी फळ नियमित येते का, हे पाहा. मधल्या पट्ट्यातल्याच झाडांची निवड करा, ती नुसत्या आडोशाने वाचलेली नसतील. पूर्ण पिकलेली, वजनदार फळे घ्या आणि पाण्याच्या घमेल्यात सोडा. जी देठाची टोपी वर करून उभी तरंगतील ती बियाण्याला उत्तम, जी आडवी तरंगतील ती बाजूला ठेवा. वाळवायची नाहीत, सालासकट लगेच वाफ्यात लावायची, टोपीची बाजू वर. उगवायला दीड ते तीन महिने लागतात आणि रोप दीड वर्षाचे झाले की कायम जागी जाते. तुमच्या केळी तोपर्यंत डोक्याएवढ्या झालेल्या असतील.

आगरातली सून

पुळणताई, सगळे बियाणे एकाच वाडीचे घेऊ नका. आमच्या उंडीमागच्या ओळीतली १४ झाडे त्या दिवशी जागची हलली नाहीत. त्यांची रोपे मी गेल्या वर्षी केली आहेत, पाच-पाच पाने झाली आहेत, बुंधा अंगठ्याएवढा जाड आहे. पुढच्या मृगाला तुमच्या पहिल्या टप्प्यासाठी त्यांतली ४० बाजूला ठेवते. पैसे नकोत, तुमच्या मधल्या पट्ट्यातली ४० फळे बियाण्याला द्या. येताना ओली गोणपाटे आणा आणि गाडी सावलीत लावा. रोप मातीच्या गोळ्यासकट उचलावे लागते, एसटीने नेऊ नका.

पुळण

दोघांनाही नमस्कार. फळे फेब्रुवारीत पिकतील. वडील म्हणाले आहेत की ती द्यायला ते स्वतः येतील, आणि तुमची उंडीही पाहतील.